उजवीकडचा काटा

तारमास्तर गेले तेव्हा सगळं गाव त्यांच्याबद्दल चांगलं बोललं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणे. मी नाही बोलले. जिवंतपणी ज्या माणसाला मी कधी शहाणा म्हटलं नाही, त्याला सरणावर ठेवल्यावर शहाणा कशाला म्हणू? सासूबाई असत्या तर ओरडल्या असत्या, तुझ्या जिभेला काही हाड आहे का म्हणून. नाहीच आहे. आणि ही गोष्टही जिभेचीच आहे, तेव्हा ते एक बरंच झालं.

आमचं घर मोरव्यात आणि त्यांचं आमच्या कुंपणाला लागून. सगळा जन्म मुंबईच्या तारखात्यात काढला, पेन्शन घेतली आणि दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या जरा आधी वडिलांच्या घरी राहायला आले. येताना ट्रंका आल्या, आरामखुर्ची आली, माई म्हणजे त्यांची बायको आली आणि एक काळी शिसवी पेटी आली. माई खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या हाताला धरायला कुणी नव्हतं, कारण मास्तरांचे दोन्ही हात पेटीला होते. मी ओसरीवरून बघत होते. त्याच दिवशी मी काय ओळखायचं ते ओळखलं.

पेटीत काचेखाली एक पांढरा पुठ्ठा होता आणि त्यावर केसासारखा बारीक काटा. बाजूला बॅटरी. पेटीतून दोन तारा बाहेर यायच्या आणि त्यांच्या टोकांना दोन पितळी खुंट्या. तारेतून वीज येते की नाही हे बघायला ऑफिसात असलं काहीतरी असायचं. ते जुनं होऊन भंगारात निघालं आणि मास्तरांनी घरी आणलं. पुठ्ठ्यावर त्यांनी आपल्या हातानं लिहिलं होतं, डाव्या टोकाला ‘वाईट’, मधे ‘बरी’ आणि उजव्या टोकाला ‘उत्तम’. अक्षर सुरेख होतं. त्या माणसाचं चांगलं म्हणावं असं काही असेल तर ते अक्षर. म्हणून टाकलं, आता पुढे बोलायला मी मोकळी.

तर ही पेटी जमिनीची परीक्षा करायची. दोन खुंट्या मातीत बोटभर टोचायच्या, कळ दाबायची आणि काटा कुठे जातो ते बघायचं. खाली ओल किती, मुळांना मिळतंय काय, मुळं सुखात आहेत की नाहीत, सगळं म्हणे त्यावरून कळतं. हे ठरवलं कसं, तर स्वतःच्या परसात. उन्हाळ्यात तापलेल्या अंगणात खुंट्या टोचल्या, काटा हलेना. विहिरीपाशी केळीच्या बुंध्याशी टोचल्या, काटा उजवीकडे पळाला. केळी हिरव्यागार होत्या. झालं! एवढ्या भांडवलावर माणूस जमिनीचा वैद्य होऊन बसला.

कुणाच्या हातात कुदळ दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. “पोट न फाडता कळलं पाहिजे,” हे त्यांचं पालुपद. डॉक्टर नाडी बघतो, लगेच सुरी घेऊन धावतो का, असं विचारायचे. झाडाचं मूळ बघायला जमीन खणली की मूळ दुखावतं, मग जे दिसतं ते दुखावलेलं मूळ, खरं मूळ नव्हेच, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला छान वाटायचं. बोलणं त्यांचं नेहमीच ऐकायला छान असायचं, वाकण्याची वेळ आली की मात्र दुसरं कुणीतरी लागायचं. पायात काळे पंप शू, डोक्यावर छत्री, आणि उभे कुठे, तर बांधावर. चिखलात उतरून खुंट्या टोचायच्या त्या शेतवाल्यानं. हे वरून हातानं खुणा करणार, आणखी डावीकडे, आणखी जरा, हं. मग कळ दाबायच्या आधी डोळे मिटून एक बोट वर. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. एकदा माझ्या सासऱ्यांना खोकला आला तर त्यांच्याकडे असं बघितलं, की जमीन लाजून पळूनच जाणार होती जशी.

आमच्या गोठ्यामागे शेवग्याचं झाड होतं. पानं गळायला लागली म्हणून सासऱ्यांनी कौतुकानं मास्तरांना बोलावलं. मी म्हटलं, बुंध्याशी जरा उकरून बघा, तर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खुंट्या टोचल्या, बोट वर झालं, कळ दाबली, काटा थेट उजवीकडे. “उत्तम. मुळं अगदी तृप्त आहेत.” गोठ्यातलं सगळं गोमूत्र त्याच जागी मुरत होतं, तृप्त न होऊन सांगतात कुणाला. पुढल्याच आठवड्यात झाड गोठ्याच्या कौलांवर आडवं झालं. मुळं कुजून काळी पडली होती, हातात घेतली की भुगा. मी मुद्दाम त्यांना कुंपणापाशी बोलावून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “वहिनी, वजन वरच्या भागाचं होतं. वरचं माझ्याकडे नाही. मी फक्त मुळांचं बघतो.” हातात मूळ धरून मी उभी होते, मला हसावं की रडावं ते कळेना.

तरी लोक त्यांना बोलवायचे. का, ते सांगते. आमच्या भागातली सखल शेतं सगळी खाडीच्या काठची. बांध घालून समुद्र अडवलेला आणि आत भात. थोडीफार खार प्रत्येक शेतात असतेच. तिथे कुठेही खुंट्या टोचा, काटा उजवीकडे जायचा आणि मास्तर ‘उत्तम’ म्हणायचे. आपल्या जमिनीला उत्तम म्हटलेलं कुणाला नको असतं? तारोडीच्या पास्कूनं त्यांना समुद्राकाठची नारळाची वाडी दाखवायला नेलं होतं. तिथल्या वाळूत तर काटा टोकाला जाऊन चिकटला. मास्तरांनी सांगितलं, तालुक्यात अशी जमीन नाही. पास्कू म्हणाला, मग पुढल्या साली भात समुद्रातच लावतो. सगळे हसले, मास्तरही हसले आणि त्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही.

वाईट जमीन त्यांना एकच सापडली, आमची. टेकाडावरचा तुकडा, गोड मातीचा, तिथे वाल भरभरून यायचे. काटा जागचा हलला नाही. सासऱ्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. वाल मात्र त्या वर्षीही आले, आणि मी पहिली टोपली भरून मास्तरांकडे पाठवली. माईंनी बिरडं केलं, त्यांनी दोनदा मागून खाल्लं आणि निरोप पाठवला की वाल छान आहेत, पण जमीन वाईटच.

इथपर्यंत मला त्यांचा नुसता वैताग होता. गावात एखादं ध्यान असतंच. पण पुढे जनाचं जे झालं, त्यानंतर माझं त्यांच्याबद्दलचं मन साफ कधी झालं नाही.

जना मागल्या आळीतली. नवरा गेलेला, पदरात दोन पोरी, आणि शेत म्हणाल तर बांधाला लागून एकच. लढाईच्या दिवसांत एका उधाणाला बांध फुटला आणि तिच्या शेतात खाडी शिरली. गावानं मिळून बांध पुन्हा घातला, पण पाणी आत मुरायचं ते मुरलं होतं. शेजारी मिठागर. मिठागरवाल्याचा त्या तुकड्यावर डोळा होताच. तिच्या धाकट्या दिरानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, औंदा ह्या शेतात दाणा झाला तर शेत राहील, नाही झाला तर मिठागराला द्यायचं. एकदा जमिनीत मीठ पिकवायला घेतलं की तिथे पुन्हा भात होत नाही, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक. रेशनवर मिळणारा तांदूळ कसला असायचा ते मी सांगायला नको. जनाचं सगळं काय ते त्या एका पिकावर होतं.

प्रश्न एवढाच होता की लावायचं काय. आमच्याकडे तेव्हा दोन भात. रता म्हणजे तांबडा, जाडा, कमी पिकणारा, पण खारीत तग धरणारा. आणि कोळंब म्हणजे पांढरा, सरस, भरपूर, पण त्याला माती गोड लागते. माती गोड झाली की नाही ते ठरवायची रीत अशी, की चांगले पाऊस होऊन शेतात पाणी साचलं की घरातल्या कर्त्या पुरुषानं वाकून ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, घोळवायचं आणि थुंकायचं. तो ‘गोड’ म्हणाला तर कोळंब, ‘खार’ म्हणाला तर रता. दुसऱ्याच्या शेताची चव घ्यायची नाही. परक्याची जीभ लागली की शेत नासतं म्हणायचे. आणि बाईनं तर आपल्याही शेताची घ्यायची नाही. का नाही, विचारू नका. मी विचारलं होतं, तर सासूबाई म्हणाल्या, नाही म्हणजे नाही. जनाचा सासरा गेला होता, नवरा गेला होता. दिराला विचारलं तर तो म्हणाला माझी वाटणी झाली, ते शेत माझं नाही. मिठागरवाल्याशी बोलणी करायला मात्र तेच शेत त्याचं होतं! तेव्हा चव घ्यायला जीभच उरली नव्हती. गावानं तोडगा काढला, पेटीला विचारू. पेटीला जीभ नाही.

त्या दिवशी अख्खी आळी बांधावर होती. जना गुडघाभर चिखलात उतरून खुंट्या टोचत होती आणि मास्तर छत्रीखालून खुणा करत होते. बोट वर झालं. काटा असा काही उजवीकडे गेला की काचेवर टक् वाजलं. मास्तरांचा चेहरा फुलला. जनाला वाचता येत नव्हतं, ती वर बघत उभी राहिली.

“उत्तम, जना. डोळे मिटून कोळंब लाव.”

तिनं बांधावर चढून त्यांच्या पंप शूंना हात लावून नमस्कार केला. मी घरी येऊन भांडी आपटली. पण खरं सांगायचं तर, ती जमीन खार आहे की गोड हे त्या दिवशी मलाही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की ह्या माणसाला ते ठाऊक नाही.

लावणी झाली. श्रावणात शेतकी खात्यातले एक साहेब मास्तरांच्या पेटीचं ऐकून बघायला आले. माईंना मदत करायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. बाहेर पाऊस कोसळत होता, शेतावर जाणं शक्य नव्हतं, म्हणून मास्तरांनी घरातच खेळ मांडला. तुळशीच्या कुंडीत खुंट्या टोचल्या, मग कोरड्या राखेत टोचल्या. त्याच वेळी माई साहेबांच्या पानात वाढायला खारवलेल्या कैऱ्यांची बरणी घेऊन आल्या. नवऱ्याच्या पेटीनं त्यांच्या फडताळातली चांगली जागा अडवली होती, तो राग होताच. त्या म्हणाल्या, एकदा माझ्या बरणीतही घालून बघा. मास्तर साहेबांकडे वळून म्हणाले, बघा, हिच्यात माती नाही, मुळं नाहीत, काटा हलणार नाही. म्हणजे तुमची खात्री होईल की यंत्र कसल्याही ओल्याला फसत नाही. आणि त्यांनी खुंट्या मिठाच्या पाण्यात सोडल्या.

टक्. काटा उजव्या टोकाला. तसाच, जनाच्या शेतात गेला होता तसा.

“अगंबाई, म्हणजे आता कोळंब बरणीत लावायचा का?” माई म्हणाल्या.

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी द्यायला धावले, म्हणून मास्तरांचा चेहरा मला जवळून दिसला. ते हसत नव्हते. ओठांतल्या ओठांत एकच शब्द म्हणाले, “नवसागर.” मला काही कळलं नाही. साहेब गेल्यावर मी माईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ऑफिसात विजेच्या बरण्या असायच्या, त्यांत पाण्यात नवसागर घालावा लागतो, खारट असतो तो, त्याशिवाय वीज धावत नाही. सगळी नोकरीभर हेच घालत आले ना. तेव्हा माझी ट्यूब पेटली. आयुष्यभर पाण्यात खार कालवून वीज पळवणारा हा माणूस, आणि मातीतल्या खारीनं वीज पळेल हे ह्याच्या डोक्यात आलं नाही! मी कपाळाला हात लावला. काटा ओल दाखवत होता तसाच मीठही दाखवत होता, आणि आमच्या गावात ओलीपेक्षा मीठच जास्त.

बरं, माणूस चुकतो. चुकला म्हणून मी कुणाला टाकून बोलत नाही. पण श्रावणात अजून वेळ होता. ओहोटीच्या वेळी बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची फळी, उचलली असती, शेतातलं खारं पाणी बाहेर सोडून वर पावसाचं पाणी घेतलं असतं, कुणाकडे उरलेली रत्याची रोपं मागून लावली असती, तर जनाला खाण्यापुरता तांबडा भात झाला असता आणि शेत राहिलं असतं. पण उघाडी सामाईक. ती उचलायला गाव लागतं, आणि गाव एका बाईच्या सांगण्यावरून हलणार नव्हतं. मी आमच्या ह्यांना सांगितलं, ह्यांनी चारचौघांत काढलं, तर सगळे म्हणाले, मास्तर सांगू देत. जनाला सांगितलं तर तीही तेच म्हणाली. ती रोज मास्तरांच्या दारात येऊन उभी राहायची. रोपं पिवली पडली, येकदा काटा लावून बघा, म्हणायची. आणि मास्तर आतून माईंकरवी सांगायचे, घरात नाहीत. आरामखुर्ची करकरलेली माझ्या ओसरीवर ऐकू यायची.

शेवटी मीच आत गेले. पेटी मांडीवर होती.

“भाऊजी, जनाला एवढंच सांगा, की काटा उलटा वाचला.”

“वहिनी, काटा चुकलेला नाही.”

“काटा नाही चुकला. तुम्ही चुकलात.”

त्यांनी फडक्यानं काच पुसली. बराच वेळ पुसली. मग म्हणाले, “माझा अभ्यास चालू आहे. अर्धवट गोष्ट लोकांना सांगायची नसते.”

‘उत्तम’ सांगताना अभ्यास पुरा झाला होता वाटतं! मी ते बोलले, आणखीही पुष्कळ बोलले, माई पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. पण भिंतीशी बोलावं तसं झालं. तो माणूस लबाड होता असं मी अजूनही म्हणणार नाही. लबाडाला निदान आपण काय करतोय ते कळतं. ह्यांना आपलं नाव जाईल एवढंच दिसत होतं, आणि त्याला ते अभ्यास म्हणत होते.

जनाचा कोळंब शेंड्याकडून जळत गेला. गणपतीपर्यंत शेतात नुसता पेंढा उभा होता, तोही गुरं तोंड लावत नव्हती. दिरानं शब्द पाळला. असले शब्द पाळायला लोक तयारच असतात. शेत मिठागराला गेलं, आणि जनालाही तिथेच काम मिळालं, मीठ ओढायचं आणि टोपलीनं राशीवर टाकायचं. त्या दिवसांत ती एकदा माझ्याकडे ताक न्यायला आली होती. जाता जाता म्हणाली, “वयनी, लावनीच्या आधी मी कुनाला न सांगता येक घोट घेतला व्हता. खारट लागला. मना वाटलं, माज्या व्हटावरचा घाम असंल.” मी तिला ताकाबरोबर लोणी दिलं. दुसरं काय देणार होते?

मास्तर त्यानंतर पावसाळाभर बाहेर पडले नाहीत. दिवाळीनंतर पडले ते पुन्हा पेटी घेऊन. आता पुठ्ठा नवा होता. डाव्या टोकाला ‘गोड’ आणि उजव्या टोकाला ‘खार’. अक्षर तेच, सुरेख. कसं झालं, का झालं, एक अक्षर कुणाजवळ काढलं नाही, जसा तो पुठ्ठा पहिल्यापासून तसाच होता. आणि गंमत अशी की आता पेटी खरं सांगत होती. पण आता तिला विचारायला कुणी येत नव्हतं. एखाद्यानं हाक मारलीच, तर शेताला ‘खार’ म्हटलेलं ऐकून तो तोंड वाकडं करून जायचा. ‘उत्तम’ म्हणायचे तेव्हा मास्तर सगळ्यांचे होते.

त्यांना मी नीट असं शेवटचं बघितलं ते मिठागरावर. नंतर त्यांचे गुडघे गेले आणि ते खुर्चीतून उठले नाहीत. मी आमच्या माणसांना न्याहारी घेऊन चालले होते. उन्हात मिठाच्या राशी डोळ्यांवर येत होत्या. जनाच्या शेताच्या जागी आता पाण्याचे चौकोन होते, आणि त्यांच्या बांधावर मास्तर, छत्री, पंप शू, पेटी. खुंट्या टोचायला कुणी नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच ते स्वतः वाकले होते. समोर माणसाएवढी मिठाची रास उभी, आणि हे तिच्या पायथ्याशी मीठ आहे का ते बघत होते.

जना टोपली घेऊन त्याच बांधानं आली. टोपलीतून खारं पाणी तिच्या तोंडावर ओघळत होतं. मास्तरांचा चेहरा फुलला, अगदी त्या दिवसासारखा.

“जना, हे बघ. आता बरोबर दाखवतंय.”

ती थांबली. डोक्यावर ओझं, मान वळेना. तिनं नुसते डोळे खाली केले. “काय दाखवतंय?”

“खार.”

ओघळ ओठापर्यंत आला होता. तिनं त्यावरून जीभ फिरवली.

“हाय खरं,” जना म्हणाली, आणि रास चढायला लागली.

मास्तरांनी काच पुसली, पेटी मिटली. चांगले खुशीत होते.